विश्लेषण : जास्त पैशांचे काम सोडून फ्रीलान्सर ‘आज रोख’ देणारा क्लायंट का निवडतात?

डिझायनर, भाषांतरकार, व्हिडीओ एडिटर, प्रोग्रामर असे फ्रीलान्सर काम घेताना ‘किती देणार?’ याइतकाच ‘कधी देणार?’ हा प्रश्न महत्त्वाचा मानतात. मोठ्या कंपनीचे काम सोडून वेळेत पैसे देणाऱ्या लहान क्लायंटकडे वळणे वरकरणी तोट्याचे वाटते. पण हिशेब वेगळेच सांगतो.

उशिराची किंमत किती?

समजा, एका कामाचे ४० हजार रुपये ९० दिवसांनी मिळणार आहेत आणि तेवढ्याच कष्टाच्या दुसऱ्या कामाचे ३६ हजार आठवड्याभरात. घरभाडे, हप्ते, वीजबिल तर दरमहा भरावेच लागते. ही तीन महिन्यांची खिंड क्रेडिट कार्डावर, महिना साडेतीन टक्के व्याजाने लढवली, तर ४० हजारांवर सरळ हिशेबाने ४,२०० रुपये व्याज होते. हाती उरतात ३५,८०० रुपये. बिलासाठी केलेले फोन आणि ईमेल यांत गेलेला वेळ वेगळाच. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असलेल्यांना जीएसटी नोंदणी करावी लागते. बिल काढले की पैसे आले नसले तरी कराची जबाबदारी येते. म्हणजे क्लायंटचा कर आधी आपल्या खिशातून भरायचा.

कामांची निवड कशी बदलते?

नव्या क्लायंटकडून आगाऊ रक्कम मागणे, मोठ्या कामाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याला बिल काढणे, उशीर करणाऱ्याला पुढच्या वेळी चढा दर सांगणे, हे त्यावरचे नेहमीचे उपाय. अपवर्कसारख्या मंचावर ठरावीक रकमेच्या कामात क्लायंटला पैसे आधी जमा ठेवावे लागतात; त्यासाठी अनेक जण मंचाचे कमिशन सोसतात. गाठीला बचत असलेला थांबू शकतो किंवा नाही म्हणू शकतो. नवख्याला ती सोय नसते. तो रोख मिळणाऱ्या किरकोळ कामांत अडकतो आणि नाव मिळवून देणारे मोठे काम हातचे जाते.

कायदा काय सांगतो?

२००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार, नोंदणीकृत सूक्ष्म वा लघू उपक्रमाचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसल्यास १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज द्यावे लागते. सेवा देणारा एकटा फ्रीलान्सरही ‘उद्यम’ नोंदणी करू शकतो आणि ती मोफत आहे. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकर तरतुदीनुसार, मुदत उलटून दिलेली रक्कम कंपनीला प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येते.

मग उशीर का होतो?

प्राप्तिकराचा हा चिमटा फक्त वर्षअखेरीस बसतो. जूनचे बिल फेब्रुवारीत चुकते केले, तरी दोन्ही तारखा एकाच आर्थिक वर्षात येतात आणि कंपनीचा कर वाढत नाही. व्याज मागायचे तर तक्रार करावी लागते आणि तक्रार केली की पुढचे काम जाण्याची भीती असते. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून लागू असलेल्या फ्रीलान्सरविषयक कायद्याने हीच भीती ओळखली आहे. तिथे मुदत ठरलेली नसल्यास काम संपल्यापासून ३० दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे आणि हक्क मागणाऱ्यावर सूड उगवण्यासही मनाई आहे.

काय करता येईल?

काम सुरू करण्यापूर्वीच उद्यम नोंदणी करावी आणि तिचा क्रमांक बिलावर टाकावा. रक्कम, आगाऊ हप्ता आणि देय तारीख ईमेलवर कबूल करून घ्यावी. पैसे थकल्यास राज्यातील फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन दाद मागता येते.

कंपन्यांनीही हा हिशेब मांडायला हवा. बिले रखडवून त्या बिनव्याजी उधारी मिळवतात खऱ्या. पण ज्यांना दुसरीकडे काम मिळते ते आधी निघून जातात. मागे उरतात ते निवड नसलेले. थकलेल्या बिलाची सर्वाधिक झळ त्यांनाच बसते.