खाती मालकाच्याच नावावर हवीत
खामगावची चांदी असो की शेगावची कचोरी, बाहेरगावचे गिऱ्हाईक आता दुकान आधी मोबाइलवर शोधते. जाहिरातीचे काम एजन्सीला देणे योग्यच. पण वेबसाइटचे डोमेन, गुगलवरची दुकानाची नोंद आणि फेसबुक पेज एजन्सीच्या ईमेलवर उघडू देणे घातक आहे. डोमेन ज्याच्या नावावर नोंदले, त्याचाच ताबा राहतो. पैसे आपण भरले हे नंतर सिद्ध करत बसावे लागते. ‘आम्हाला त्यातले कळत नाही’ ही अडचण खरी आहे, पण ती काम करण्यातली आहे, मालकीतली नाही. गुगल मालक आणि व्यवस्थापक असे वेगळे अधिकार देते. फेसबुकवरही पासवर्ड न सांगता एजन्सीला मर्यादित प्रवेश देता येतो. यात अविश्वास कसला? सातबाऱ्यावरचे नाव पाहिल्याशिवाय आपण जमिनीचा व्यवहार करत नाही. करारातच लिहून घ्यावे: सगळी खाती दुकानाच्या ईमेलवर, आणि काम संपले की एजन्सीचा प्रवेश त्याच दिवशी बंद.