लिनक्स टाकलंत, पण इंजिन कुणाचं?

१४ ऑक्टोबर २०२५. ऐन दिवाळीच्या तोंडावर मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. वर्षभराची मुदतवाढ मिळते, ती वेगळी. पण दादानं वापरून तुमच्याकडे आलेला लॅपटॉप इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल, तर त्यावर विंडोज ११ बहुतेक अधिकृतपणे चढतच नाही. शिरूर काय, दौंड काय, तालुक्याच्या कॉलेजात असे लॅपटॉप कमी नसतात. मग कुणीतरी मित्र पेन ड्राइव्ह घेऊन येतो, लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकून देतो आणि मशिन पुन्हा पळायला लागतं. पुढच्या पाच मिनिटांत आपण काय करतो? क्रोम डाउनलोड करतो.

कशाला पण?

मिंट, उबंटू, डेबियन, फेडोरा, कुठलंही घ्या. त्यात फायरफॉक्स आधीपासून असतं. ते न उघडताच आपण त्याला नापास करतो. माझं म्हणणं सरळ आहे: लिनक्सवर रोजच्या कामाला फायरफॉक्सच ठेवा.

पहिलं कारण खिशाचं. शिरूरहून एसटीनं किंवा दौंडहून शटलनं पुण्याला जाता जाता असाइनमेंट उरकणाऱ्यांचं नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. रोजच्या दीड जीबीवर जाहिराती आणि आपोआप सुरू होणारे व्हिडिओ हात मारतात. यावर 'यूब्लॉक ओरिजिन' हे फुकट एक्सटेन्शन जालीम आहे. क्रोमनं २०२४-२५ मध्ये एक्सटेन्शनचे नियम बदलले आणि ते तिथं बंद पडलं. 'लाइट' नावाची हलकी आवृत्ती तेवढी उरली. फायरफॉक्समध्ये मूळ यूब्लॉक अजून पूर्ण ताकदीनं चालतं. जगातली सगळ्यात मोठी जाहिरात कंपनी स्वतःच ब्राउझर बनवते, तेव्हा असं होणारच की!

दुसरं कारण इंजिनाचं. इंजिनाचं महत्त्व दौंडकरांना सांगायला नको. मनमाड-नगरकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्या दौंडला थांबायच्या, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं, मगच पुढे. कॉर्ड लाइन झाल्यावर बऱ्याच गाड्यांची ही कटकट गेली. ब्राउझरमध्येही पान दाखवण्याचं खरं काम इंजिन करतं. आणि क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी या सगळ्यांचे डबे वेगवेगळ्या रंगांचे असले तरी इंजिन एकच, गूगलचं 'ब्लिंक'. केंद्र सरकारच्या स्वदेशी ब्राउझर स्पर्धेत २०२५ मध्ये झोहोच्या 'उला'ला एक कोटीचं पहिलं बक्षीस मिळालं. छान झालं, पण आत इंजिन तेच. फायरफॉक्सचं 'गेको' मात्र स्वतःचं आहे.

गंमत म्हणजे ब्लिंकचं मूळ लिनक्सच्या डेस्कटॉपवरच सापडतं. केडीईच्या मंडळींनी कॉन्करर ब्राउझरसाठी 'केएचटीएमएल' लिहिलं. ॲपलनं ते घेऊन वेबकिट बनवलं आणि २०१३ मध्ये वेबकिटमधून फुटून गूगलचं ब्लिंक निघालं.

एकच इंजिन असलं म्हणून बिघडलं कुठं? एकेकाळी कितीतरी संकेतस्थळं फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालायची. तो लिनक्सवर येतच नव्हता, म्हणजे लिनक्सवाल्यानं फॉर्म भरायला सायबर कॅफे गाठायचा. आता 'फक्त क्रोममध्ये उघडा' अशी पाटी दिसते. पाटीवरचं नाव बदललं, एवढंच.

फायरफॉक्स काही देवमाणूस नाही. मोझिलाच्या कमाईतला मोठा वाटा गूगलकडूनच येतो, सर्चच्या करारातून. काही ऑनलाइन परीक्षा क्रोमशिवाय सुरूच होत नाहीत, तेव्हा भांडत बसू नका. बाजूला क्रोमियम टाकून ठेवा. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ते साध्या पॅकेजच्या रूपात मिळतं. उबंटूवर ते 'स्नॅप' म्हणून येतं, जुन्या हार्ड डिस्कवर पहिल्यांदा उघडायला वेळ घेतं. ओटीटीवर व्हिडिओ लागला नाही तर फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये डीआरएमची खूण करा.

आणि चार जीबी रॅमवर कुठलाच ब्राउझर जादू करत नाही बरं का. ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत 'अबाउट', मग कोलन, मग 'प्रोसेसेस' असं टाइप करा. कुठला टॅब किती मेमरी खातोय ते दिसेल, तिथूनच तो बंदही करता येतो. खरं तर त्या लॅपटॉपला एसएसडी बसवलात तर जास्त फरक पडेल, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

मेनू मराठीत हवा असेल तर फायरफॉक्सचं मराठी रूप आहे, आणि ते स्वयंसेवकांनी केलंय. एखादा शब्द पुस्तकी वाटला तर मोझिलाच्या 'पोंटून'वर खातं उघडून तुम्ही दुसरा सुचवू शकता. मला तरी हे वर्गात 'मराठी टिकली पाहिजे' यावर भाषण ठोकण्यापेक्षा बरं वाटतं.

बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटरवाल्यांनो, तुम्हाला आणखी एक काम. यंदाचा प्रोजेक्ट फायरफॉक्समध्येही एकदा उघडून बघा. तारखेचा रकाना तिथं वेगळा दिसतो, स्क्रोलबारही. एक्सटर्नलच्या आधी तुम्हाला दिसलेलं बरं.