साखर मोजली, पुढे काय?

मधुमेह हा सुखवस्तूंचा, बैठे काम करणाऱ्यांचा रोग, ही समजूत आपल्या चळवळीतही इतकी मुरलेली आहे की, शेतमजुरांच्या मागण्यांत त्याला कधी जागाच मिळाली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटी १० लाख, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटी ६० लाख आहेत. उंबरठ्यावरच्या माणसाला बहुधा काहीच होत नसते. रक्त तपासल्याखेरीज त्याचे त्यालाही कळत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेला अभ्यास प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा असा आहे. तेथील बालके जन्मतः सरासरी २.७ किलोंची, दिसायला हाडकुळी. परंतु इंग्लंडमधील साडेतीन किलोंच्या बालकांशी तुलना करता त्यांचे स्नायू फार कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. मातेच्या कुपोषणातून पुढच्या पिढीच्या मधुमेहाची वाट तयार होते, असा याचा रोख आहे. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यात खडी फोडणाऱ्या मायबहिणींच्या पोटी तेव्हा जन्मलेली लेकरे आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांचे रक्त तपासणे हे शासनाचे देणे आहे, उपकार नव्हे.

या कामी लोकशिक्षण किती करू शकते, हे लातूरने पाहिले आहे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या प्रेरणेने दोन वेळच्या आहाराचा प्रचार साध्या मराठीत, विनामूल्य केला. त्यांच्या आहारपद्धतीविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. आणि ज्याला तिसरे जेवण ठाऊकच नाही त्याला दोनदाच जेवा हे सांगण्यात काय हशील, असाही प्रश्न आहे. पण एचबीए१सी हा शब्द सामान्यांच्या तोंडी रुळवण्यातला त्यांचा वाटा मोलाचा आहे. नुसत्या शिकवणुकीने फरक पडतो याला चेन्नईत भक्कम पुरावा मिळाला. तेथे उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काहीच विशेष न केलेल्या गटातील ५५ टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. आहार व चालण्याचा सल्ला वारंवार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर राहिले. वारंवार हा शब्द महत्त्वाचा. एकदा टोचून, आकडा वहीत लिहून निघून जाणे म्हणजे शिरगणती.

दंडावर चिकटवून दोन आठवडे साखर दाखवणारी यंत्रेही निघाली आहेत. त्यांची किंमत काही हजारांत. रोजंदारीवरच्या माणसाला त्यांचा काय उपयोग? साधी तपासणीदेखील त्याला सोपी नाही. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर धोक्याची खूण मानतात. भर दुपारी, जेवल्यानंतर घेतलेल्या आकड्यावरून ही अवस्था नीट उमगत नाही. आणि सकाळी उपाशी आरोग्य केंद्राच्या दारात बसायचे, तर खुरपणीचा दिवस बुडतो. शिबिर पहाटे वस्तीवरच भरले पाहिजे.

आणि सल्ला तरी कोणता द्यायचा? भाकरी खा म्हणावे, तर रेशनच्या पिशवीत माणशी ५ किलोंत येतो मुख्यतः गहू नि तांदूळ. जेथे ज्वारी पिकत होती त्या लातूरच्या रानांत सोयाबीन उभे आहे, आणि बाजारात चांगली ज्वारी अनेकदा गव्हाहून महाग. ज्वारी म्हणजे औषध नव्हे, हे खरे. पण २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याची तरतूद आहे, तिचा आग्रह धरलाच पाहिजे.

नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ऑक्टोबर २०२३च्या आरंभी चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. जेथे ही अवस्था, तेथे उंबरठ्यावरच्यांची काळजी कोण करणार, असे कोणी म्हणेल. परंतु ज्यांना आज गावात कोणी काही सांगितले नाही, त्यांच्यातलेच कित्येक उद्या निकामी मूत्रपिंडे आणि सडलेले पाय घेऊन त्याच रुग्णालयात येतील. दोन्ही जिल्ह्यांतील साथींनी येत्या ग्रामसभांत उपकेंद्राचा हिशेब मागावा : साखर मोजण्याच्या पट्ट्या वर्षातून किती दिवस शिल्लक नव्हत्या, आणि ज्यांचा आकडा चढा निघाला त्यांच्या घरी दुसऱ्यांदा कोण गेले?