बाळंतपण : केवळ बायकांचा विषय?

वार्षिकासाठी मी बाळंतपणावर लिहिणार, असे सांगितले तेव्हा मित्र मोठ्याने हसले. "अरे, तो बायकांचा विषय!" गेल्या वर्षापर्यंत मीही असाच हसलो असतो.

आमचे मूळ गाव लातूर जिल्ह्यात. दादा चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. भोसरीला दोन खोल्यांत दादा, वहिनी आणि मी राहतो. वहिनींना आठवा महिना होता. नवव्यात माहेरी जायचे ठरले होते. त्या रात्री दादा रात्रपाळीला गेलेला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, डोकं फुटायला लागलंय, डोळ्यांपुढं काजवे चमकतायत." मी बामची डबी दिली, "झोपा, बरं वाटेल," म्हणालो आणि परीक्षेच्या वाचनाला बसलो.

शेजारच्या मावशी आशा कार्यकर्ती आहेत. पहाटे पाण्याला उठल्या असताना त्यांनी वहिनींचा सुजलेला चेहरा पाहिला आणि त्या माझ्यावर ओरडल्याच, "आधी रिक्षा आण!" रुग्णालयात रक्तदाब पाहून डॉक्टरांची धावपळ उडाली. गर्भारपणात असा रक्तदाब वाढला आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर झटके येतात. आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. माझी पुतणी दिवस भरण्याआधीच जन्मली. मायलेकी सुखरूप आहेत. पण ती बामची डबी दिसली की मला अजून अपराधी वाटते.

गावी असतो तर घरात चार जाणत्या बायका असत्या. त्यांचे सगळेच बरोबर असते असे नाही. आईचा पहिला चीक पिळून टाकायला सांगणाऱ्याही त्यांच्यातच असतात. पण त्यांचे लक्ष असते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्यानंतर भोसरी, चिंचवड, चाकण असा कारखान्यांचा पट्टा वाढत गेला आणि गावोगावची माणसे इथे आली. आली ती तरुण माणसे; आजी, चुलती गावीच राहिल्या. मग अवघडलेल्या बाईजवळ रात्री कोण असते? नवरा, नाहीतर माझ्यासारखा दीर. म्हणजे ज्याला काहीच ठाऊक नाही तो!

ठाऊक असायला हवे ते तरी असे किती आहे? शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुमारे २८० दिवस मोजायचे. पहिली तपासणी तीन महिन्यांच्या आत आणि एकूण निदान चार तरी व्हाव्यात. त्यांत रक्तदाब, रक्त व लघवी पाहतात. लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणीची योजना २०१६ पासून आहे. रक्तस्राव, असह्य डोकेदुखी, अंधारी, चेहऱ्या-हातांवर सूज, ताप, वेळेआधी पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांक फिरवावा. कळा सुरू झाल्या की गर्भाशयाचे तोंड हळूहळू सुमारे दहा सेंटिमीटर उघडते, मग बाळ येते, मग वार पडते. 'सुटली एकदाची' म्हणून सगळे बाळाभोवती जमतात, पण खरा धोका त्यानंतरच्या रक्तस्रावाचा असतो. तेव्हा लक्ष आईकडेही हवे. आणि तो पहिला चीक बाळाला तासाभरात पाजावा.

चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत गमावणाऱ्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रबंध प्रसूतिशास्त्रावरच होता. त्या काळी एका मुलीने समुद्र ओलांडून हे ज्ञान मिळवले. आम्हाला मात्र शाळेत प्रजननाचा धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून देण्यात आला. आणि वर्गात मुली खाली बघत होत्या, मुले हसत होती.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. आपल्या महाविद्यालयात दरवर्षी या विषयावर दोन व्याख्याने व्हावीत. एखाद्या अनुभवी परिचारिकेला बोलवावे. मुलामुलींना एकत्र बसवावे. मुलांना बाहेर पाठवू नये. आपल्यापैकी बहुतेकजण उद्या कुणाचे तरी पती होणार, दीर आणि भाऊ तर आजच आहोत. कवितेतील मातृत्वावर आपण पानेच्या पाने उत्तरे लिहितो. घरातली आई संकटात आहे हे ओळखता येत नसेल, तर त्या गुणांना काय करायचे?

मित्रांनो, आता हसा. पण वर दिलेली लक्षणे एकदा पाठ करा.