व्याख्यान बागेत, श्रोते फडात

बीड शहराजवळच्या पालवणला 13 आणि 14 फेब्रुवारी 2020 रोजी एक आगळे संमेलन भरले होते. ते वृक्षांचे संमेलन होते आणि त्याचे अध्यक्षस्थान वडाच्या झाडाला देण्यात आले होते. अभिनेते सयाजी शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनविभागाच्या साथीने तिथल्या उजाड माळावर ‘सह्याद्री देवराई’ उभी केली. तिच्याच परिसरात हा सोहळा झाला. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून होणाऱ्या धुसफुशी आयुष्यभर पाहिलेल्या माझ्यासारख्या कादंबरीकाराला असा अध्यक्ष न आवडला तरच नवल! ज्या जिल्ह्याचे नाव निघाले की दुष्काळ आणि कोयता एवढेच आठवते, त्या जिल्ह्यात माणसे झाडांबद्दल ऐकायला जमली, ही गोष्ट लहान नव्हे.

माझा प्रश्न निराळा आहे. फेब्रुवारीत बीड जिल्ह्यातली किती माणसे बीड जिल्ह्यात असतात?

दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता, त्यांच्याबरोबर कच्चीबच्ची, कोंबड्या, पत्र्याची पेटी आणि भांडीकुंडी. ट्रॅक्टर, ट्रक किंवा बैलगाडी सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडे, नगरकडे, थेट कर्नाटकातल्या कारखान्यांकडे वळते. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. गेवराई तालुक्यातल्या कितीतरी गावांत या काळात ओसरीवर म्हातारी माणसे आणि दाराला कुलपे असतात. मी बँकेत होतो तेव्हा आमच्या वरच्या कचेरीतून वसुली मेळाव्यांची परिपत्रके यायची, ती नेमकी मार्चअखेरची. कर्जदार उसाच्या फडात आणि मेळाव्याचा मंडप गावात! वेळापत्रक आखणाऱ्याच्या टेबलावर इंग्रजी कॅलेंडर असते. गावाचे पंचांग वेगळेच चाललेले असते. बागेतल्या व्याख्यानांनाही हेच लागू पडते.

वनस्पती उद्यान म्हणजे काय, हे आपल्याकडे अजून नीट रुजलेले नाही. बगीचा, कारंजे, घसरगुंडी आणि हिरवळीवर पाय ठेवू नये अशी पाटी, एवढ्यावर आपण खूश असतो. वनस्पती उद्यानात मात्र प्रत्येक झाडाला नाव असते, त्याची नोंद असते, ते कुठून आले हे लिहिलेले असते. इटलीत पाडुआला 1545 साली अशी बाग लावली गेली, ती वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती ओळखता याव्यात म्हणून. म्हणजे बागेच्या मुळाशीच शिकवणे होते. कलकत्त्याजवळ शिबपूरला 1787 मध्ये कंपनी सरकारने बाग काढली तेव्हा हेतू व्यापाराचा होता, तो भाग सोडा. पण जिथे बागेने माणसांशी बोलणे सुरू केले तिथे पुढे माणसेच बागेच्या कामी आली. मुंबईच्या राणीच्या बागेचेच पाहा. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. बाग 1861 सालची. या शतकाच्या पहिल्या दशकात तिच्या पुनर्विकासाची भव्य योजना पुढे आली, तेव्हा जुन्या झाडांसाठी नेटाने झगडले ते तिथली झाडे नावानिशी ओळखणारे नागरिक, आणि त्यांत बायका आघाडीवर होत्या. पुण्यात श्री. द. महाजनांसारख्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी लोकांना झाडांपाशी नेऊन उभे केले, मराठीत पुस्तके लिहिली. ज्याला झाडाचे नाव ठाऊक आहे तो त्याच्यावर कुऱ्हाड पडताना गप्प बसत नाही, निदान सहजासहजी तरी.

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरते. ते बरोबरच आहे. पुण्याची हवा तेव्हा छान असते, फुले भरात असतात आणि पुणेकर पुण्यातच असतात. पण तोच महिना उचलून बीडला आणला की श्रोते बदलतात. मग समोर बसतात ते शहरातले प्राध्यापक, कर्मचारी, शाळांनी रांगा लावून आणलेली मुले आणि आमच्यासारखे निवृत्त. यांनी ऐकू नये असे कोण म्हणेल? मात्र माळावर रोपे जगवणे, शेळ्या आवरणे, उन्हाळ्यात वाळल्या गवताला काडी लागू न देणे, हे ज्यांच्या हाती आहे त्यांच्या कानावर यातले काही जात नाही. त्यांच्या दृष्टीने ती ‘साहेब लोकांची बाग’ राहते.

समजा, असे एक लहानसे उद्यान तलवाड्याला काढायचे ठरले. तिथे टेकडीवर त्वरितादेवीचे ठाणे आहे. नवरात्रात गर्दी होते आणि तोवर टोळ्या गावातच असतात. आता पंचांग समोर घ्या. जेठात वटपौर्णिमा येते. वडाच्या फांद्या तोडून घरी आणून पुजण्याची जी वाईट खोड लागली आहे, तिच्याबद्दल वडाखालीच बोलता येईल. भाद्रपदात गणपतीची पत्री: माका, आघाडा, शमी, रुई, डोरली, विष्णुक्रांत. किती घरांत आज ही एकवीस पाने ओळखता येतात? आणि दसऱ्याआधी आपटा. सोने म्हणून आपण कित्येकदा कांचनाची पाने वाटतो. दोघांचीही पाने मधोमध चिरल्यासारखी, त्यामुळे फसगत होते. आपट्याचे पान लहान, जाडसर, रुंदीला जास्त, कांचनाचे मोठे. हे दोन मिनिटांत दाखवता येते. खऱ्या आपट्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, तेव्हा त्याची रोपेही त्याच दिवशी वाटता येतील.

पावसाळा हाच आमच्या माळाचा बोलका काळ. फेब्रुवारीत तिथे दाखवायला पळस-पांगाऱ्याची फुले असतात, बाकी रखरखाट. श्रावणात पायाखालचे गवतसुद्धा नाव विचारते.

बोलणारा कोण, हेही ठरवायला हवे. व्याख्याता शहरातून यावा, त्याने शास्त्रीय नाव सांगावे, टाळ्या पडाव्यात, हार-नारळ व्हावा, हा प्रकार मी बँकेच्या मेळाव्यांतही पुष्कळ पाहिला. आमच्याकडे कडुनिंबाला ‘लिंब’ म्हणतात. पाहुण्याला ते ठाऊक नसेल तर पहिल्या पाच मिनिटांतच घोटाळा होतो. तरवड कातडी कमवायला कसा वापरत, हिवराची सावली कशी, कोणता पाला शेळी खाते आणि कोणता तोंडातही धरत नाही, हे मेंढरांमागे हिंडलेल्या धनगराला विचारावे. सीताफळाचे तर विचारायलाच नको. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण बालाघाटाच्या डोंगरउतारावर ते वेचणाऱ्या बाईला कुणी व्यासपीठावर बसवल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. प्राध्यापकाने तिचे ऐकावे, तिने प्राध्यापकाचे. सुबाभूळ आणि वेडी बाभूळ यांच्याबद्दल दोघांचे पटणार नाही. एकाला ती परकी झाडे वाटतील, दुसरीला चुलीचे सरपण. त्या वादातच खरे व्याख्यान होईल.

मुलांचे काय? टोळीबरोबर गेलेल्या मुलाची शाळा दिवाळीला सुटते ती सुटतेच. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले मागे राहतात, सगळी नाही. जून ते सप्टेंबर हे त्यांचे हक्काचे महिने. बागेने आपले सगळे बळ तिथे लावावे. जाताना प्रत्येकाच्या हाती एक कापडी पिशवी द्यावी. फडाच्या बांधावर, कारखान्याच्या रस्त्याला ज्या शेंगा-बिया सापडतील त्या आणायच्या, गावाचे नाव लिहून. कृष्णाकाठची झाडे या मुलांनी जेवढी जवळून पाहिलेली असतात तेवढी आपल्या कुणी पाहिली आहेत? वैशाखात ती पोरे बिया मांडून बोलतील, मोठ्यांनी ऐकावे.

शेवटी बँकेतला माणूस हिशेबावर येणारच. रोपांना पाणी लागते ते दिवाळीनंतर, आणि तेव्हाच गाव रिकामे होते. म्हणजे सहा महिने मजुरी देऊन तीन-चार जोडपी गावात ठेवावी लागतील. रोजगार हमीची कल्पना 1972 च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने उभी केली. झाडे लावणे आणि जगवणे ही कामे तिला नवी नव्हेत. पण उचल आगाऊ मिळते, सरकारी मजुरी मागाहून. लग्न, आजारपण, सावकार यांपैकी कुणीही मागाहूनच्या पैशावर थांबत नाही. तेव्हा उद्यानाच्या अंदाजपत्रकात कारंज्याआधी या आगाऊ रकमेची तरतूद असावी, आणि ती दसऱ्याच्या आत हातात पडावी. त्या जोडप्यांची मुले मग जानेवारीतही वर्गात असतील, आणि फेब्रुवारीत संमेलन भरलेच तर समोरच्या रांगेत बसतील.