मोडेल ते जोडता यावे

पुष्कळ लोकांना वाटते, की ड्रोन म्हणजे श्रीमंतांचे खेळणे. परंतु डिसेंबर 2021 मध्ये आपल्याच पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावी करोना लसीच्या 300 मात्रा ड्रोनने पोहोचवल्या. डोंगराळ वाटेचा वेळ वाचला.

हवेत कोलांट्या मारणारा छोटा ड्रोनही पुष्कळ शिकवतो. त्याचे दोन पंखे उजवीकडे फिरतात, दोन डावीकडे. म्हणून तो स्वतःभोवती गरगरत नाही. त्याच्या कॅमेऱ्यासमोरचे दृश्य उडवणाऱ्याच्या चष्म्यात दिसते. जणू तो आतच बसला आहे!

मात्र कोलांटी चुकली, की ड्रोन चिकूच्या झाडावर आदळतो. पंखा मोडतो, तार तुटते. काही जण म्हणतात, "नवा आणा." माझे मत वेगळे आहे. तुटलेली तार शोधून तिला डाख देणाऱ्यालाच यंत्र कळते. मोटार तपासताना पंखे आधी काढावेत, फुगलेली बॅटरी वापरू नये, हेही तो शिकतो.

म्हणून डहाणू-तलासरीच्या प्रत्येक शाळेत दुरुस्तीचे एक टेबल असावे. तेथे मुलींनाही जागा असावी. उद्या औषध नेणारा ड्रोन बिघडला, तर तो जोडणारे हात इथलेच असले पाहिजेत.