विश्लेषण : व्हॉलीबॉलचा सराव दोन तास, पण चेंडूला हात किती वेळा?

शालेय स्पर्धा जवळ आल्या की मैदानांवर व्हॉलीबॉलचे जाळे चढते. सराव मात्र अनेक ठिकाणी एकाच साच्याचा असतो. मुले रांगेत उभी राहतात, प्रशिक्षक चेंडू उडवतात, एक जण स्मॅश मारतो आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जातो. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि शासकीय नोकऱ्यांतील ५ टक्के क्रीडा आरक्षण यांमुळे अनेक घरांची आशा या दोन तासांवर असते. म्हणून या वेळेत मूल नेमके काय शिकते, हे विचारायलाच हवे.

रांगेचे गणित काय सांगते?

१२ खेळाडू, एक प्रशिक्षक आणि दर पाच सेकंदांना एक चेंडू असे धरू. अर्ध्या तासात ३६० चेंडू होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ३०. आता याच १२ जणांचे तिघातिघांचे चार गट करा आणि प्रत्येक गटाला एक चेंडू द्या. दर दोन सेकंदांना एक स्पर्श धरला तर प्रत्येकाचे ३०० स्पर्श होतात. सुटलेला चेंडू आणण्यात निम्मा वेळ गेला तरी १५० उरतात. म्हणजे रांगेच्या पाचपट!

सगळा भर स्मॅशवर का नको?

पूर्वी स्वतःची सर्व्हिस असतानाच गुण मिळायचा. १९९०च्या दशकाच्या अखेरीस रॅली पद्धत आली आणि प्रत्येक चुकीला प्रतिस्पर्ध्याचा गुण ठरला. त्यामुळे सर्व्हिस घेता न येणारा संघ २५ गुणांच्या सेटमध्ये बघता बघता मागे पडतो. पहिला पास चुकला तर लिफ्टरला चेंडूमागे धावावे लागते आणि मग उत्तम स्मॅशरही निरुपयोगी ठरतो. तरीही सरावात पासला सर्वांत कमी वेळ मिळतो, कारण तो दिसायला आकर्षक नसतो.

मग सराव कसा हवा?

एक सोपा प्रकार पाहा. पहिला खेळाडू सर्व्हिस करतो, पलीकडचा पास देतो, तिसरा जाळ्याजवळ चेंडू झेलतो आणि तिघे जागा बदलत राहतात. यात सर्व्हिस आणि पास, दोन्ही खऱ्या अंतरावरून होतात. प्रत्येक पासला शून्य ते तीन गुण द्यावेत. लिफ्टरला कुठेही चेंडू देता आला तर तीन, सर्व्हिस थेट गेली तर शून्य. महिन्याभरात कोणाची प्रगती झाली, ते वहीतच दिसते. त्यानंतर अर्ध्या मैदानात तिघांविरुद्ध तिघे खेळवावेत. तिथे लपायला जागाच नसते.

शास्त्र काय म्हणते?

१९७९ मध्ये शी आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या जलद हालचालींचे तीन प्रकार दोन गटांना शिकवले. एका गटाने एकेक प्रकार सलग केला, दुसऱ्याने तिन्ही सरमिसळ करून. सरावात पहिला गट सरस दिसला, पण काही दिवसांनी चाचणी घेतली तेव्हा दुसऱ्या गटाला जास्त आठवले. हा प्रयोग प्रयोगशाळेतला होता. मैदानावर फरक इतका ठळक दिसेलच असे नाही. पण इशारा स्पष्ट आहे : नीटनेटका दिसणारा सराव म्हणजे शिकणे नव्हे.

अडचणी कोणत्या?

शाळेत चेंडू दोनच आणि मुले ४० ही खरी अडचण आहे. अशा वेळी एका चेंडूवर लहान सामना, दुसऱ्यावर सर्व्हिस-पास आणि बाकीच्यांना उड्या व पदन्यासाचे व्यायाम असे आलटून पालटून करता येते. अगदी नवख्या मुलांना हातांची ठेवण शिकवताना रांगही उपयोगी पडते. तिला विरोध नाही. तिथेच वर्षभर अडकून राहण्याला आहे.

रांगेत सर्वाधिक नुकसान होते ते कच्च्या खेळाडूचे. त्याला सरावाची गरज जास्त असते, पण एक चेंडू चुकला की पुढची संधी मिळेपर्यंत मिनिट जाते. शिस्तबद्ध रांग पाहून मुख्याध्यापक आणि पालक समाधान मानतात. त्याऐवजी त्यांनी दहा मिनिटे थांबून एकाच मुलाचे स्पर्श मोजावेत. आकडा दहाच्या आसपास अडकला, तर बदल मुलात नव्हे, सरावात हवा.